म्यूट केलेलं आवतण

आमच्या धंद्यात एक घाण सवय आहे आणि ती सगळ्यात जास्त मला आहे. लग्नाचं शूटिंग एडिट करायला बसलं, की पहिलं काम मूळ आवाज बंद करायचा. कुणाचं रडणारं पोर, जेवायला बसवण्याची हाकाहाक, खुर्च्यांची खरखर, सगळं म्यूट. वर ठेक्याचं गाणं टाकायचं, नवरीच्या हसण्याला स्लो मोशन द्यायचं, की लोक खूश. रेवदंड्याच्या बाजारात ‘प्राप्ती डिजिटल’ हे आमचं दुकान. कॅमेरा माझा नवरा निकेत धरतो, कॉम्प्युटरवर मी बसते. प्राप्ती आमची मुलगी, तिसरीत आहे. “माझी आई काय करते” या निबंधात तिनं लिहिलं होतं की माझी आई लोकांचे आवाज घालवते. बाईंनी त्याला ‘छान’ असा शेरा दिला.

गेल्या वैशाखात निकेतच्या चुलतभावाचं, जीवनचं लग्न झालं. मांडवाला धवलारीण होती वेणूबाई. आम्हा आगऱ्यांत मांडवापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीला गाऊन देवांना आणि घरातल्या गेलेल्यांना बोलावते ती धवलारीण. भटजी येऊन मंगलाष्टकं म्हणून जातो, पण लग्न खरं लावते ती ही बाई, असं आमच्याकडची म्हातारी माणसं अजून म्हणतात. वेणूबाईच्या आवतणाला पाऊण तास लागायचा. खाडीच्या तोंडाशी सुरुवात करून एकेका गावाचा देव, मग त्या घरातले सगळे पूर्वज, नावानिशी आणि ठरलेल्या क्रमानं. एक नाव गाळलं गेलं तर पुन्हा पहिल्यापासून. डीजे अगदी जवळ होता म्हणून निकेतनं तिच्या पदराला कॉलर माइक अडकवला होता.

त्या पाऊण तासाची मी अडीच मिनिटांत बोळवण केली आणि वर डीजेचं गाणं टाकलं. पेनड्राइव्ह द्यायला जीवनकडे गेले, तेव्हा सगळ्यांनी तो तिथेच टीव्हीला लावून बघितला. वेणूबाईपण होती. पडद्यावर ती मांडवाच्या मेढीशी, म्हणजे मानाच्या खांबाशी बसून गात होती आणि आवाज येत होता कुण्या तरण्या पोराचा. ती माझ्याकडे वळली आणि अगदी शांतपणे म्हणाली, “गो कल्पिता, तोंड माजा हालतंय, मंग आवाज कुनाचा हाय?”

सगळे हसले. मीही हसले. “आजी, लोकांना गाणी लागतात,” म्हटलं. ती चहा संपवून उठली आणि गेली.

दिवाळी झाली आणि वेणूबाईला लकव्याचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी मी दुकानाचं शटर वर करते तोवर तिची सून दिपाली पायरीवर येऊन बसलेली. बारा वर्षं ती सासूच्या मागे बसून झील धरत आलीय. म्हणजे वेणूबाईनं ओळ सुरू करायची आणि दिपालीनं तिचा शेवट उचलून म्हणायचा.

“ताय, जीवन भाऊजीच्या लग्नातला आवाज पायजे मना,” ती म्हणाली. “आयेचा आवाज.”

मग तिनं सगळं सांगितलं. गावातल्या दयारामशेठच्या मुलीचं, मृणालचं लग्न शुक्रवारी. गुरुवारी सकाळी मांडव. आवतण द्यायला दिपाली बसणार होती, आयुष्यात पहिल्यांदा एकटी. मृणालच्या पूर्वजांची नावं त्यांच्या घरून मिळणार होती. गाण्याची चाल तिच्या गळ्यात पक्की होती, पण शब्द अर्धेच.

“मना ओळीचा शेपूट येतंय, डोका न्हाय. मागं बसून तेवढाच शिकलो ना. घरी शिकवा म्हटलं तर आय कदी गायली न्हाय. मांडव नसताना देवांना बोलावलास तर ते येऊन बसतील कुठं, म्हनायची. आता इचारतंय तर बोलताच येत न्हाय तिला. मी नावं घेतंय, ती मान हालवतंय न्हाय न्हाय, आनि रडतंय.”

“दयारामशेठ काय म्हणतात?”

“म्हनले जमत नसंल तर सांग, मोबाईलवर लावू कायतरी. हल्ली समदा मिळतंय.”

माझं डोकंच फिरलं. दयारामशेठवर फिरलं, कारण स्वतःवर फिरवून घ्यायला तेवढा वेळ नव्हता. मोबाईलवर लावू म्हणे. आमच्या गावात उद्या नवरापण मोबाईलवर लावतील. आणि लोकांच्या मोबाईलमध्ये वेणूबाई होती कुठे? अर्ध्या मिनिटाचे तुकडे, त्यातही पुढ्यात नाचणारी वरात आणि मागे डीजे. तिचा स्वच्छ आवाज जगात एकाच ठिकाणी गेला होता, आमच्या कॅमेऱ्यात.

“बुधवारपर्यंत देते,” मी म्हटलं. काही न बघता म्हटलं. दिपाली निघून गेली आणि मग मी बघायला बसले.

कच्चं शूटिंग नव्हतं. ते मीच गणपतीत उडवलं होतं, जागा होत नाही म्हणून. पेनड्राइव्ह घरी पोचला की कच्चं उडवायचं, हा आमच्या दुकानाचा नियम, आणि नियम करणारी मीच. उरली होती ती एडिटिंगची प्रोजेक्ट फाईल. या फाईलमध्ये व्हिडिओ नसतो. कुठली क्लिप कुठून घेतली, कुठे कापली, तिचा आवाज चालू की बंद, याची नुसती यादी असते. म्हटलं, निदान यादी तरी बघू. फाईलवर क्लिक केलं. कॉम्प्युटर म्हणाला, फाईल खराब झाली आहे, उघडता येत नाही.

पावसाळ्यात फाईल सेव्ह होत असताना निकेतनं हार्ड डिस्कची वायर ओढून काढली होती, ते मला आठवलं. त्याला तिथल्या तिथे झाडला. तो ऐकून घेऊन म्हणाला, “बरोबर आहे, माझं चुकलं. पण दुसरी कॉपी कुठाय?”

दुसरी कॉपी नव्हती. सॉफ्टवेअर आपणहून मधे मधे कॉप्या ठेवतं, तो फोल्डर मी त्याच डिस्कवर ठेवला होता आणि जागेसाठी तोही साफ केला होता. निकेत बरोबर बोलतो तेव्हा मला जास्त राग येतो.

सोमवारचा अख्खा दिवस मी त्या फाईलशी भांडले. नवीन कोरा प्रोजेक्ट करून त्यात तिला आत ओढून पाहिलं. सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती टाकून पाहिली, नवी टाकून पाहिली. उडवलेलं परत आणणारा प्रोग्राम हार्ड डिस्कवर चालवला, तर त्यानं जीवनच्या जागी पाच बारशी आणि एक क्रिकेटची टूर्नामेंट काढून दिली. गणपतीनंतर त्या जागेवर इतकं काही लिहिलं गेलं होतं की खाली काही उरलंच नव्हतं. जेवायलाही गेले नाही. प्राप्ती शाळेतून आली आणि माझं तोंड बघून गपचूप आजीकडे गेली.

मंगळवारी सकाळी रिक्षा करून नागावला मुसअबकडे गेले. मुसअब निकेतचा शाळेतला दोस्त. आठ वर्षं शारजाला एका चॅनेलच्या एडिटिंग रूममध्ये होता, आता वाडीत होमस्टे चालवतो. पाहुण्यांना घावणे वाढता वाढता त्यानं माझी सगळी कहाणी ऐकली, हात धुतले आणि लॅपटॉप ओढून घेतला.

“भाभी, पहिले हिची एक कॉपी. ऑपरेशन कॉपीवर करायचं, असलला हात नाय लावायचा.”

“मी कालपासून असललाच हात लावतेय.”

“तौबा,” तो म्हणाला. कॉपी केली, आणि ती फाईल त्यानं एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला दाखवलीच नाही. “ही फाईल म्हणजे गाठोडं हाय. आत नुसतं लिखाण. गाठ सोडायची आणि वाचायचं.” झिप फाईल उघडतात तसं त्यानं ती उघडली. कॉम्प्युटरनं कुरकुर केली, शेवट तुटलाय म्हणाला, पण जेवढं होतं तेवढं बाहेर टाकलं. लाखभर ओळी. इंग्रजी अक्षरं, आकडे, कंस. मी सहा वर्षं या फाईली बनवतेय आणि त्यांच्या पोटात हे असतं हे मला ठाऊक नव्हतं.

“फाईल मेलेली नाय भाभी, बेहोश हाय. बारा आणे शाबूत.”

पण यादी घेऊन मी काय करू, असं मी त्याला म्हटलं. माल तर मी स्वतः उडवलाय. त्यानं एका ओळीवर बोट ठेवलं. क्लिपच्या नावाखाली आणखी एक पत्ता होता, हार्ड डिस्कचा नव्हे, दुकानातल्या कॉम्प्युटरचा. त्यानं समजावून सांगितलं. आपण क्लिप आत घेतली, की सॉफ्टवेअर आपल्या सोयीसाठी तिच्या आवाजाची एक वेगळी नक्कल करून कॉम्प्युटरच्या एका कोपऱ्यात ठेवतं. त्याला कॅशे म्हणतात. एडिटिंगमध्ये आपण आवाज बंद केला, तरी त्या नकलेला कुणी हात लावत नाही.

“म्हणजे मी म्यूट केलेला आवाज तिथे आहे?”

“असेल. तुम्ही कॅशे साफ करता का?”

कॉम्प्युटर हळू चालायला लागला की मी पहिलं तेच करते. शेवटचं कधी केलं, आठवेना. आणि लगेच आठवलं ते वेगळंच. मृणालच्या लग्नाचं शूटिंग आपल्याकडे आहे, आज मशीन साफ करून ठेव, असं सकाळी मीच निकेतला सांगून निघाले होते.

फोन लावला. “जिथे आहेस तिथून ऊठ. कॉम्प्युटरला हात लावू नकोस. माऊस सोड.”

“अगं मी दाढी करायला आलोय,” निकेत म्हणाला. “माझ्या हातात माऊस नाही, माझ्या गळ्यावर वस्तरा आहे.”

त्याच्या आळसाचं मला इतकं प्रेम लग्नातही आलं नव्हतं.

मुसअब माझ्याबरोबर रेवदंड्याला आला. कॅशेचं फोल्डर उघडलं, तर आत हजारो फाईली, आणि आमचा कॅमेरा प्रत्येक कार्डाला क्लिपचे नंबर पुन्हा शून्यापासून देतो. म्हणजे सात नंबरच्याच चाळीस फाईली. चाळीस लग्नांतली सातवी क्लिप. त्या गाठोड्यातली यादी नसती तर मी आठवडाभर बारशी आणि साखरपुडे ऐकत बसले असते. यादीत मात्र प्रत्येकीचं पूर्ण नाव होतं, शेपटाच्या आकड्यांसकट. मांडवाच्या क्लिपा चौदा. मी वाचत गेले, मुसअब शोधत गेला, निकेत अर्धवट दाढीनं मागे उभा. पहिली होती. दुसरी होती. नववी नव्हती. उरलेल्या सगळ्या होत्या.

त्या फाईली साध्या वाजत नाहीत. आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये कच्चा माल म्हणून आत घ्याव्या लागतात आणि आकडे हातानं भरावे लागतात. पहिल्या खेपेला आकडा चुकला आणि वेणूबाई एखाद्या जाड्या पुरुषासारखी घोगरी ऐकू आली. दुसऱ्या खेपेला नुसती खरखर. तिसऱ्या खेपेला दुकानात निकेतचा आवाज आला, वैशाखातला.

“आजी, काहीतरी बोला. माइक बघायचाय.”

आणि मग ती. “काय बोलू? आवाज नीट घे रं बाबा. मागाहून दिपालीला लागंल.”

तिनं सांगून ठेवलं होतं. जी बाई मांडवाबाहेर एक ओळ गात नव्हती, तिनं तो माइक मुद्दाम पदराला लावू दिला होता, सुनेसाठी. आणि मी ते ऐकलंसुद्धा नव्हतं, कारण ऐकायच्या आधीच म्यूट करायचं हा माझा नियम. मला लाज वाटली.

“नववी शोधू,” मी म्हटलं.

दुपारभर शोधली. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या कोपऱ्यात, रद्दीच्या टोपलीत, जुन्या लॅपटॉपमध्ये. नववी नव्हती. साडेतीन मिनिटांचं भगदाड. मुसअब जाताना म्हणाला, “भाभी, चौदातल्या तेरा मिळाल्या. शुक्र करा.” मी शुक्र केलं आणि तरी सारखी नववीच डोळ्यापुढे येत राहिली. एक नाव गाळलं तर पुन्हा पहिल्यापासून, आणि इथे साडेतीन मिनिटांची नावं.

बुधवारी सकाळी लॅपटॉप आणि स्पीकर घेऊन आम्ही वेणूबाईकडे गेलो. ती ओटीवर खुर्चीत होती, उजवा हात मांडीवर ठेवलेला. मी म्हटलं, “आजी, तुमचा आवाज सापडलाय. ऐकवते.” तिचे डोळे मोठे झाले. मी बटणाकडे बोट नेलं, तशी तिनं डावा हात वर केला आणि जोरजोरात मान हलवली. न्हाय.

दिपालीनं डोक्याला हात लावला. “मांडव न्हाय ना. मांडवाशिवाय न्हाय चालायचा तिला.”

मी चिडकी आहे हे सगळ्या रेवदंड्याला माहीत आहे. उद्या सकाळी मांडव, हातात एक दिवस, आणि म्हातारी नियम दाखवतेय. तोंडापर्यंत आलेलं मी गिळलं. तिचा एक नियम मी टीव्हीवर मोडून दाखवला होता, दुसरा मोडायची माझी लायकी नव्हती.

“निकेत,” मी म्हटलं, “बांबू कुठे मिळतील?”

अर्ध्या तासात वेणूबाईच्या अंगणात चार बांबू उभे राहिले. शेजारच्या वाडीतून झावळ्या आणल्या. दिपालीनं आंब्याचा टहाळा बांधला, खाली सारवून तांदळाच्या पिठानं चौक काढला. वेणूबाई खुर्चीतून डाव्या हाताच्या बोटानं काय काय चुकतंय ते दाखवत होती. हे इकडे. ते खाली. पाट कुठाय. नारळ कुठाय. नारळ पाटावर आला, तेव्हा तिनं स्वतःला उचलून मेढीपाशी बसवायला लावलं, पदर डोक्यावर घेतला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. आता व्हय.

मी बटण दाबलं.

अंगणात तिचा आवाज उठला. खाडीच्या तोंडाचा देव, मग त्याच्या पुढच्या गावचा, मग त्याच्या पुढचा. दिपाली मागे बसली होती, सवयीनं. ओळ सुरू झाली की तिचा गळा शेवट उचलायचा. दोन ओळींनंतर तिनं जागा बदलली आणि सासूच्या समोर येऊन बसली. तेव्हा माझ्याही लक्षात आलं. वेणूबाईचे ओठ हलत होते. स्पीकरमधल्या प्रत्येक शब्दाला बरोबर, वाकड्या तोंडानं, पण एक अक्षर न चुकता.

आठवी क्लिप संपली. मी तिथे चार सेकंदांची रिकामी जागा ठेवली होती, पुढे दहावी. पण वेणूबाई थांबली नाही. स्पीकर गप्प, आणि तिचे ओठ चालूच. मी झटकन बटण दाबून पुढचं अडवलं.

दिपाली तिच्या तोंडाच्या अगदी जवळ गेली. ओठ मिटले, उघडले, गोल झाले. दिपालीनं हळूच एका देवाचं नाव म्हटलं. वेणूबाईनं मान हलवली, न्हाय, आणि ओठ पुन्हा तसेच केले. दिपालीनं दुसरं नाव घेतलं. या वेळी मान उभी हलली. ओळीचं डोकं मिळालं होतं, शेपूट दिपालीकडे बारा वर्षं होतंच. तिनं अख्खी ओळ म्हटली. मग पुढची. निकेत कॅमेरा धरून उभा होता, मी माइक दिपालीच्या पदराला लावला. साडेतीन मिनिटांच्या त्या जागेला सव्वा तास लागला. कुणी उठलं नाही, कुणी पाणी मागितलं नाही. शेवटच्या नावाला वेणूबाईनं डावा हात दिपालीच्या गुडघ्यावर आपटला आणि तिथेच ठेवला.

सगळं वाजवून झाल्यावर देवांना परत पाठवायची ओळही होती. ती दिपालीनं एकटीनं म्हटली.

बुधवारी दुपारीच मी तीन कॉप्या केल्या. एक दुकानात, एक नागावला मुसअबच्या कपाटात, एक दिपालीच्या पेटीत. आणि दुकानाचा जुना नियम पुसून भिंतीवर नवा लिहिला: तीन ठिकाणी झाल्याशिवाय काही उडवायचं नाही, आणि ऐकल्याशिवाय काही बंद करायचं नाही. निकेतनं खाली लिहिलं, ‘वायर ओढायची नाही.’

गुरुवारी दयारामशेठच्या मांडवात मी डीजेवाल्याला पाऊण तास चहा प्यायला पाठवलं. तो दयारामशेठकडे बघायला लागला, तर मी मधे उभी राहिले. दिपालीनं आवतण दिलं, पहिल्या देवापासून मृणालच्या पणज्यापर्यंत. एकदा मधे अडखळली. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. दयारामशेठनं घड्याळ पाहिलं नाही.

पंधरा दिवसांनी त्या लग्नाचा व्हिडिओ घेऊन मी वेणूबाईकडे गेले. आवतण पूर्ण ठेवलं होतं, कापलं नव्हतं, वर काही टाकलं नव्हतं. बुधवारी उभारलेला मांडव अंगणात तसाच होता, त्याखाली बसून तिनं शेवटपर्यंत बघितलं. मग डावं बोट उचलून पडद्यावरच्या दिपालीच्या तोंडाला लावलं, मग स्वतःच्या कानाला, आणि माझ्याकडे बघत राहिली. जीवनच्या घरी टीव्हीसमोर विचारलेला तोच प्रश्न.

“तिचाच, आजी,” मी म्हटलं. “तोंड पण तिचा, आवाज पण तिचा.”

तिनं हात पुढे केला. मी पेनड्राइव्ह दिला, त्यात तिच्या स्वतःच्या आवाजातलं आवतणही टाकलेलं होतं. एका हातानं गाठ मारता येईना, म्हणून दिपालीनं तो तिच्या पदराच्या टोकात बांधून दिला. ती चौथी कॉपी.